कोंबडा आणि वळू : केनिया पीपल्स युनियनची साडेतीन वर्षे

१९६८ साली केनियात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. देशात तेव्हा दोन पक्ष होते. एक राज्यकर्ता ‘कानू’, म्हणजे केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन. दुसरा विरोधातला ‘केपीयू’, म्हणजे केनिया पीपल्स युनियन. कानूची निशाणी कोंबडा, केपीयूची वळू. केपीयूतर्फे देशभरातून सुमारे १८०० उमेदवारी अर्ज दाखल झाले आणि छाननीत ते सगळेच्या सगळे बाद ठरले. कारण एकच : अर्ज नीट भरलेले नाहीत. कानूचे उमेदवार बिनविरोध निवडून आले.

छाननीत अर्ज बाद होणे आपल्याला नवीन नाही. गावोगावच्या पंचायतीपासून विधानसभेपर्यंत त्याचे किस्से आपण ऐकत असतो. पण एका पक्षाच्या अठराशे माणसांपैकी एकालाही अर्ज भरता येऊ नये, हा प्रकार वेगळा. हा पक्ष तेव्हा दोन वर्षांचा होता. आणखी सव्वा वर्षाने, ३० ऑक्टोबर १९६९ रोजी, त्याच्यावर बंदी आली. इतिहासाच्या पुस्तकांत ही बंदीची तारीख ठळकपणे असते. माझ्या मते त्या दिवशी सरकारने दाराला फक्त कुलूप लावले. घर त्याआधीच, एकेक सामान काढत, रिकामे करून झाले होते. ते कसे केले गेले, आणि त्या घरात नेमके काय होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

या पक्षाकडे मी आलो तो एका गोंयकाराचा माग काढत. पियो गामा पिंटो हे त्याचे नाव. गंमत अशी की पक्ष जन्मला तेव्हा पिंटो हयात नव्हते. तरीही सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी.

नैरोबीचा गोंयकार

पिंटो यांचा जन्म १९२७ चा, नैरोबीचा. आईवडील गोव्याचे. शिक्षणासाठी मुलाला हिंदुस्थानात धाडले गेले. गोव्यात शाळा, धारवाडला कॉलेज, मग मुंबईत नोकरी, असा प्रवास झाला. मुंबईत ते गोवामुक्तीच्या चळवळीत ओढले गेले आणि पोर्तुगिजांच्या अटकेची शक्यता दिसू लागली तेव्हा १९४९ मध्ये नैरोबीला परतले.

तिथे ब्रिटिशांचे राज्य होते. केनियातील आशियाई समाज तेव्हा मधल्या पायरीवर उभा होता : वर गोरे, खाली आफ्रिकन, मध्ये दुकानदार, कारकून आणि रेल्वेतले नोकरदार. पिंटो मात्र कामगार संघटना, वृत्तपत्रे आणि आफ्रिकन नेत्यांच्या वर्तुळात वावरू लागले. माऊ माऊ उठावाच्या काळात, १९५४ मध्ये, त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. आधी मांडा बेटावर, मग दुर्गम काबार्नेटला. सुटका झाली ती १९५९ मध्ये.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी पिंटो संसदेत आले. कानूमधल्या डाव्या गटाचे ते संघटक होते. या गटाचे नेते जारामोगी ओगिंगा ओडिंगा हे उपराष्ट्राध्यक्ष होते, लुओ समाजाचे. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा किकुयू समाजाचे. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी सकाळी पिंटो यांना त्यांच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या घालण्यात आल्या. छोटी मुलगी गाडीतच होती. त्यांचे वय होते ३७. एका तरुणाला शिक्षा झाली आणि त्याने तीन दशकांहून अधिक काळ तुरुंगात काढला. खून कोणी करवला, हे मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. स्वतंत्र केनियातील हा पहिला राजकीय खून मानला जातो.

ओडिंगांच्या गटाची मोट बांधणारा माणूस गेला. पण वाद मिटला नाही, कारण वादाचे मूळ माणसात नव्हते. ते जमिनीत होते.

‘तू स्वतःसाठी काय केलेस?’

केनियाच्या मध्यभागी उंच, थंड हवेचा, सुपीक पट्टा आहे. ब्रिटिश काळात त्यातील ७० लाखांहून अधिक एकर जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखीव होती. ‘व्हाइट हायलँड्स’ म्हणतात तो हाच. किकुयूंसह अनेक समाजांना त्यातून हुसकावले गेले होते. माऊ माऊचे बंड पेटले ते याच ठिणगीवर.

स्वातंत्र्य आले तेव्हा साहजिक प्रश्न होता : जमिनीचे काय? सरकारचे उत्तर व्यवहारी होते. ब्रिटिशांच्या पैशाने गोऱ्यांकडून जमीन बाजारभावाने विकत घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे आणि आफ्रिकन कुटुंबांना कर्जाने द्यायचे. ‘दहा लाख एकर योजना’ या नावाने ती ओळखली गेली. सुमारे ३५,००० कुटुंबांना तिच्यातून जमीन मिळाली, पण गळ्यात कर्जाचे हप्ते घेऊन. योजनेबाहेरची मोठमोठी शेते सरळ खरेदी-विक्रीने हातबदल होत होती आणि ती घेऊ शकत होते मंत्री, बडे अधिकारी, व्यापारी. जंगलात लढलेला माऊ माऊचा माणूस आणि त्याचे कुटुंब बहुधा या रांगेत सर्वांत मागे होते.

बिल्डाड कागिया यांना हे खुपत होते. कागिया किकुयू होते. केन्याटांसह ज्या सहा जणांवर ब्रिटिशांनी कापेनगुरियाचा प्रसिद्ध खटला चालवला, त्यांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर ते शिक्षण खात्यात संसदीय सचिव झाले. त्यांचा मुद्दा सोपा होता. जमीन चोरली गेली होती, तर चोरीचा माल मूळ मालकाने विकत का घ्यायचा? हा मुद्दा सोडायला ते तयार नव्हते, म्हणून १९६४ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले.

१९६५ मध्ये कागियांच्याच कांदारा मतदारसंघात केन्याटांची सभा झाली. कागिया हजर होते. त्यांच्या देखत केन्याटांनी हिशेब मांडला. आपण सारे एकत्र तुरुंगात होतो. त्या इतरांकडे पाहा : कोणाची कॉफीची लागवड आहे, कोणाचे मोठे घर आहे, कोणाच्या बस धावतात. कागिया, तू स्वतःसाठी काय केलेस?

केनियाच्या इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या दोन सहकाऱ्यांमधला सगळा झगडा त्या एका प्रश्नात मावतो. केन्याटांच्या लेखी जमीन न घेणे हा आळस होता. कागियांच्या लेखी इतरांना मिळण्याआधी ती घेणे हा विश्वासघात होता.

त्याच वर्षी सरकारने ‘आफ्रिकी समाजवादा’वरचा धोरणपत्र क्रमांक १० प्रसिद्ध केला. तो टॉम म्बोया या बुद्धिमान, तरुण मंत्र्याच्या देखरेखीखाली तयार झाला होता. नाव समाजवादाचे, आशय खासगी मालमत्तेचे संरक्षण आणि परदेशी भांडवलाचे स्वागत. शीतयुद्धाचे रंगही यात मिसळले होते. म्बोयांचे अमेरिकी कामगार संघटनांशी जवळचे नाते होते; ओडिंगा मॉस्को आणि पेकिंगच्या मदतीने मुलांना शिकायला पाठवत. दोन्ही बाजू एकमेकींवर परकीय पैशाचा आरोप करत आणि दोन्ही आरोपांत तथ्य होते.

लिमुरू आणि नंतरचा महिना

मार्च १९६६ मध्ये नैरोबीजवळच्या लिमुरू गावात कानूचे अधिवेशन भरले. पक्षाची नवी घटना मंजूर झाली. तिच्यात पक्षाचे उपाध्यक्षपदच रद्द केले होते. त्याऐवजी प्रांतवार आठ उपाध्यक्ष नेमायचे ठरले. ओडिंगांना कोणी काढले नाही. त्यांची खुर्ची मात्र काढून घेतली गेली. हा डाव म्बोयांनी आखला होता. म्बोया स्वतः लुओ होते, हे लक्षात ठेवायला हवे. तोवर भांडण दोन विचारांचे होते, दोन जमातींचे नव्हते.

एप्रिलच्या मध्यावर ओडिंगांनी उपराष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि केपीयूचे नेतृत्व घेतले. कागिया त्यांचे उपाध्यक्ष झाले. माहितीमंत्री आचिएंग ओनेको हेही राजीनामा देऊन आले. संसदेतील सुमारे तीस सदस्य पाठोपाठ बाहेर पडले. भूमिहीनांना मोफत जमीन, मोफत शिक्षण, मोठ्या उद्योगांवर राष्ट्राची मालकी, असा पक्षाचा कार्यक्रम होता.

केपीयूचा पहिला चेहरा नीट पाहण्यासारखा आहे. अध्यक्ष लुओ, उपाध्यक्ष किकुयू. ओनेको लुओ, पण त्यांना निवडून दिलेले नाकुरू शहर लुओंच्या मुलुखाबाहेर, हायलँड्सच्या मध्यात. पक्षाचा मसुदा जमीन नसलेल्यांना उद्देशून होता, मग ते कोणत्याही भाषेचे असोत.

महिना संपायच्या आत संसदेने घटनादुरुस्ती केली : ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात तो सोडलात, तर जागा रिकामी करून पुन्हा मतदारांपुढे जा. भारतात पक्षांतरबंदी यायला १९८५ उजाडले. केनियाने ती १९६६ मध्येच, घाईघाईत आणली. तत्त्व म्हणून कायद्यात चूक काढणे अवघड आहे. पण दीडच वर्ष आधी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, ‘काडू’ हा त्या वेळचा विरोधी पक्ष विसर्जित होऊन त्याचे सदस्य कानूत आले होते. तेव्हा त्यांना कोणी पुन्हा मत मागायला पाठवले नव्हते. वाहतूक उलट्या दिशेने सुरू झाली तेव्हाच हा दंडक आठवला. कायदा येतो आहे हे कळताच बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी परत फिरण्याचा प्रयत्न केला.

इथे ओडिंगांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही एक गोष्ट कबूल करावी लागते. काडू विसर्जित झाला तेव्हा ओडिंगा सत्तेत होते, काही काळ गृहमंत्रीही होते, आणि एकपक्षीय राष्ट्राच्या कल्पनेचे त्यांना वावडे नव्हते. केंद्राच्या हाती अधिकार एकवटणाऱ्या दुरुस्त्या त्यांच्या संमतीने झाल्या होत्या. विरोधी पक्षाची किंमत त्यांना कळली ती स्वतः विरोधात बसल्यावर.

छोटी निवडणूक, मोठा निकाल

जून १९६६ मध्ये रिकाम्या झालेल्या २९ जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. केनियात त्यांना ‘छोटी सार्वत्रिक निवडणूक’ म्हणतात. केपीयूला प्रतिनिधिगृहाच्या १९ पैकी ७ आणि सिनेटच्या १० पैकी २ जागा मिळाल्या. एकूण मतांची बेरीज केली तर केपीयू कानूच्या पुढे होती. दोन महिन्यांच्या पक्षासाठी ही कामगिरी मोठी होती.

पण जागा कुठल्या, हे पाहिले की पक्षाचे दुखणे कळते. यश जवळजवळ सगळे लुओ मुलुखातले, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या न्यांझा प्रांतातले. कांदारात कागिया पडले. नाकुरूत ओनेको पडले. म्हणजे किकुयू शेतकऱ्याचा प्रतिनिधी किकुयू मुलुखात हरला आणि लुओंच्या मुलुखाबाहेर उभा असलेला लुओ तिथे हरला. पक्षाला जमातीपलीकडे नेणारे दोन्ही पाय एकाच महिन्यात लटके पडले.

हे आपोआप झाले नाही. सरकारी नभोवाणी कानूची होती. सभेला जिल्हाधिकाऱ्याचा परवाना लागे. ब्रिटिशांनी माऊ माऊच्या काळात वापरलेले हे हत्यार तसेच्या तसे हाती आले होते. किकुयू भागात प्रचाराचा सूर असा होता की केपीयूला मत म्हणजे आपल्या घरातली सत्ता लुओंच्या हाती देणे. ज्या शेतकऱ्याला कर्जाने का होईना पाच-दहा एकर मिळाले होते, त्याला ते जाण्याची भीती घालणेही कठीण नव्हते.

नंतरची तीन वर्षे ही कार्यालयांतल्या छोट्या छोट्या नकारांची वर्षे आहेत. सभेचा परवाना नाही. शाखेची नोंदणी होत नाही. केपीयूच्या माणसाला दुकानाचा परवाना, कर्ज, सरकारी नोकरी मिळणे मुश्किल. १९६६ मध्येच सार्वजनिक सुरक्षेचा कायदा होऊन विनाचौकशी स्थानबद्धता परत आली आणि केपीयूच्या जवळचे काही कार्यकर्ते आत गेले. ओडिंगांचे सहकारी प्राणलाल शेठ केनियात जन्मलेले, केनियाचे नागरिक होते. त्यांचे नागरिकत्व काढून त्यांना भारतात धाडण्यात आले. १९६८ मध्ये कागियांना विनापरवाना सभेबद्दल तुरुंगवास झाला. त्याच वर्षीचे ते अठराशे अर्ज.

यांतली एकेक घटना क्षुल्लक दिसते. एखादा शिक्का राहिला, एखादी सही नाही. त्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार? पण या नकारांचा एकत्र परिणाम दूरगामी होता. केपीयूत राहण्याची किंमत इतकी वाढली, की जिथे पक्षामागे समाजाची भिंत होती तिथेच माणसे ती किंमत देऊ शकली. ती भिंत फक्त न्यांझात होती. इतर भागांतले लोक एकेक करून गळाले आणि जमीन मागणारा पक्ष बघता बघता ‘लुओंचा पक्ष’ झाला. सरकारने आधी केलेला आरोप सरकारच्याच कारवाईने खरा करून दाखवला.

या सगळ्यात एका माणसाची कोंडी मला फार बोलकी वाटते. ओडिंगांच्या जागी केन्याटांनी उपराष्ट्राध्यक्ष नेमले ते जोसेफ मुरुंबी यांना. मुरुंबींचे वडील गोव्याहून आलेले व्यापारी, आई मासाई. शिक्षण दक्षिण भारतात झालेले. पिंटो त्यांचे जिवलग मित्र. मित्राच्या खुनाने ते खचले होते. मे १९६६ मध्ये त्यांनी पद स्वीकारले आणि वर्ष संपायच्या आत ते सोडून राजकारणातूनच बाजूला झाले. जानेवारी १९६७ मध्ये त्यांच्या जागी आले डॅनियल अराप मोई, विसर्जित काडूचे पूर्वीचे नेते.

किसुमू, २५ ऑक्टोबर

मे १९६९ मध्ये न्यांझातल्या गेम मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. केपीयूचे वासोंगा सिजेयो मोठ्या फरकाने जिंकले. एवढे करूनही पक्ष आपल्या मुलुखात हलत नाही, हे सरकारला दिसले.

५ जुलै १९६९ ला टॉम म्बोयांना नैरोबीत भर रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. औषधाच्या दुकानातून ते बाहेर पडत होते. मारेकरी किकुयू निघाला आणि त्याला फाशी झाली. ओडिंगांचा काटा काढणारा म्बोया काल-परवापर्यंत कित्येक लुओंना आपला वाटत नव्हता. मेल्यावर तो सगळ्या लुओंचा झाला. उलट बाजूला किकुयू भागांत सत्ता आपल्या घराबाहेर जाऊ न देण्याच्या शपथा गुप्तपणे दिल्या जाऊ लागल्या. याच सुमारास कागिया केपीयू सोडून कानूत परतले. पक्षात जमिनीचा मूळ प्रश्न ज्याच्या तोंडी होता तो माणूस गेला.

२५ ऑक्टोबरला केन्याटा किसुमूला आले, एका नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला. ते सोव्हिएत मदतीने उभारलेले होते आणि ती मदत आणण्यात ओडिंगांचा वाटा होता. लोक आजही त्याला ‘रशिया’ म्हणतात. गर्दीतून ‘दूमे!’ अशा घोषणा उठल्या. दूमे म्हणजे स्वाहिलीत नर, वळू, केपीयूची निशाणी. केन्याटांनी व्यासपीठावरून ओडिंगांना, ते समोर बसलेले असताना, कडक शब्दांत धमकावले. परतताना गर्दी आणि रक्षक यांच्यात चकमक झाली आणि रक्षकांनी गोळीबार केला. सरकारी आकडा ११ मृतांचा; तो खऱ्यापेक्षा फार कमी आहे, असे तिथले लोक मानत आले आहेत.

दोन दिवसांत ओडिंगा आणि केपीयूचे खासदार अटकेत गेले. ३० ऑक्टोबरला पक्ष बेकायदा ठरला. डिसेंबरमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली, एकाच पक्षाची. ओडिंगा १९७१ मध्ये सुटले. ओनेकोंना १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली.

उरले काय?

केपीयूला यश मिळाले असते तर केनियाचे भले झाले असते का, या प्रश्नात मला रस नाही. पक्षाची बांधणी कच्ची होती, पैसा कमी होता, आणि राष्ट्रीयीकरण करणाऱ्या इतर आफ्रिकी देशांचे अनुभव फार उत्साहवर्धक नाहीत. मुद्दा निराळा आहे. या पक्षाने ‘जमीन कोणाला मिळाली?’ असा प्रश्न विचारला होता. साडेतीन वर्षांत देशाला त्या प्रश्नाऐवजी दुसराच प्रश्न ऐकू येऊ लागला : ‘तुम्ही कोणत्या जमातीचे?’ पहिल्या प्रश्नाला सरकारला उत्तर द्यावे लागले असते. दुसऱ्याला प्रत्येक नागरिकाचे उत्तर तयारच होते.

हा साचा पुढे टिकला. १९९१ मध्ये बहुपक्षीय राजकारण परतले तेव्हा म्हातारे ओडिंगा पुन्हा अग्रभागी होते. पण विरोधकांची आघाडी वर्षभरात फुटली आणि १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मते पुष्कळशी जमातींच्या रेषांवर विभागली. मोई जिंकले, ओडिंगा चौथे आले. जानेवारी १९९४ मध्ये ते वारले.

आणि जमिनीचा प्रश्न? केनियाच्या सत्य, न्याय आणि समेट आयोगाने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यातील जमिनीवरच्या प्रकरणात जोमो केन्याटांविषयीचे काही परिच्छेद दबावाखाली बदलले गेले, असे सांगून आयोगाच्या तिन्ही परदेशी सदस्यांनी त्या प्रकरणावर सही करायला नकार दिला. अहवाल स्वीकारणारे राष्ट्राध्यक्ष होते उहुरू केन्याटा, जोमोंचे पुत्र. त्यांनी त्याच वर्षी निवडणुकीत हरवलेले प्रतिस्पर्धी होते राइला ओडिंगा, जारामोगींचे पुत्र.

किसुमूतील ते ‘रशिया’ रुग्णालय आज अधिकृतपणे जारामोगी ओगिंगा ओडिंगा यांच्या नावाने ओळखले जाते. नैरोबीच्या सिटी पार्कमधील दफनभूमीत पिंटो यांची कबर आहे. मुरुंबी १९९० मध्ये वारले तेव्हा त्यांनाही तिथेच, पिंटोंच्या जवळ पुरण्यात आले. तशी त्यांची इच्छा होती.